कुंग फूचा पहिला फॉर्म: वूबूछुआन, पायरी पायरीने

फॉर्म म्हणजे ठरलेल्या क्रमात गुंफलेले पवित्रे, ठोसे, लाथा आणि अडवणी. चिनी भाषेत त्याला ताओलू म्हणतात. आपल्याला जवळचं उदाहरण द्यायचं तर तबल्यातला कायदा घ्या. बोल ठरलेले, क्रम ठरलेला, पण तोंडपाठ झाला म्हणजे हातात आला असं होत नाही. कुंग फू शिकायला येणारे बहुतेक जण इथेच फसतात. क्रम आठवडाभरात लक्षात राहतो, मग फॉर्म 'झाला' असं वाटतं, पुढचा हवासा वाटतो. वर्ष सरता सरता सात-आठ फॉर्म नावाला येतात आणि एकाही फॉर्ममध्ये पाय जमिनीत रुतलेले नसतात.

म्हणून या लेखात एकच छोटा फॉर्म घेतला आहे: वूबूछुआन, म्हणजे पाच पवित्र्यांचा मुष्टिफॉर्म. एका बाजूला सहा हालचाली, सावकाश केल्या तरी अर्ध्या मिनिटात संपतात. हा काही मठातला प्राचीन फॉर्म नाही. आधुनिक काळात नवशिक्यांसाठी तो बांधला गेला. पण उत्तर चीनच्या मुष्टियुद्धाचा सगळा पाया त्यात बसवलेला आहे आणि शाओलिनच्या पुढच्या फॉर्ममध्ये हेच पाच पवित्रे पुन्हा पुन्हा भेटतात.

सगळा लेख वाचताना एक गोष्ट धरून ठेवा. पुस्तकातल्या चित्रांत दिसतात ते थांबे. फॉर्म असतो तो एका थांब्यापासून दुसऱ्या थांब्यापर्यंतच्या वाटेत. वजन कोणत्या पायावर होतं, ते कधी सरकलं, पाऊल आधी वळलं की गुडघा, हे चित्रात दिसत नाही आणि नेमकं हेच शिकायचं असतं.

१. कोणती शैली शिकताय ते आधी विचारा

'कुंग फू' ही एक शैली नाही. दक्षिणेतल्या विंग चुनचा पहिला फॉर्म सिउ निम ताउ. त्यात पाय जागचे हलतच नाहीत, सगळं काम कोपर आणि मधल्या रेषेचं. हुंग गारचा गुंग जी फुक फू लांबलचक, खाली बसलेल्या पवित्र्यांचा. १९१० मध्ये शांघायला स्थापन झालेल्या चिंगवू संघाच्या परंपरेत सुरुवातीला १२ ओळींचा तानत्वेई घोटवतात. वूबूछुआन उत्तरेकडच्या लांब पल्ल्याच्या शैलींसाठी आणि शाओलिनसाठी उपयोगी. विंग चुनच्या वर्गात जाणार असाल तर यातले पवित्रे तिथे लागणार नाहीत, पण सरावाची पद्धत लागेल.

वर्गात नाव घालण्याआधी एक अख्खा तास बाजूला बसून बघा आणि शिफूंना, म्हणजे शिकवणाऱ्या गुरूंना, हे विचारा (कँटोनी शैलींत त्यांनाच सिफू म्हणतात):

- शैली कोणती आणि तुम्ही ती कोणाकडे शिकलात?
- पहिल्या वर्षात किती फॉर्म शिकवता?
- फॉर्ममधली प्रत्येक हालचाल कशासाठी, हे जोडीदारावर करून दाखवता का?
- इथे शिकवतात ते पारंपरिक की स्पर्धेचं वूशू, म्हणजे त्याचा आधुनिक क्रीडाप्रकार?

शेवटच्या प्रश्नाने कोणाला कमी लेखायचं नाही. स्पर्धेतला चांगछुआन हा मेहनतीचा, उंच उड्यांचा खेळ आहे, पण त्याचे गुण आणि नियम वेगळे. दोन्ही एकाच वेळी सुरू केले तर पवित्र्यांची मापं गोंधळतात.

पहिल्या वर्षात दोन, फार तर तीन फॉर्म हे उत्तर चांगलं. दर तीन महिन्यांना नवा पट्टा आणि नवा फॉर्म असं सांगत असतील तर जपून. रंगीत पट्टे पारंपरिक कुंग फूतले नव्हेत, सोयीसाठी नंतर घेतलेले आहेत. पट्टा असल्याने काही बिघडत नाही. पण पट्ट्याच्या तारखेसाठी फॉर्म घाईने उरकला जातो तेव्हा बिघडतं. बघताना एवढं टिपा: शिफू विद्यार्थ्याचं पाऊल हाताने वळवून देतात का, की नुसते समोर उभे राहून आकडे मोजतात?

२. जवळ काय हवं

फार काही नाही.

- पातळ, सपाट, लवचीक तळाचे कॅनव्हासचे बूट. फेयुए या ब्रँडचे मिळाले तर उत्तम, नाहीतर साधे शाळेचे पीटी शूज चालतात. धावण्याचे जाड टाचेचे बूट नकोत. टाच उचललेली असली की वजन बोटांकडे जातं आणि वळताना गुडघा पिळतो.
- खाली बसता येईल अशी सैल विजार. जीन्स नको.
- खडू किंवा चिकटपट्टी, जमिनीवर एक सरळ रेष आखायला.
- सेकंद मोजायला घड्याळ आणि फोन ठेवायला काहीतरी स्टँड.
- वही. हिच्याबद्दल पुढे.

वर्गात नाव घालताना साधारणपणे ओळखपत्राची प्रत, दोन फोटो आणि १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांचं संमतिपत्र मागतात. गुडघा, कंबर, दमा किंवा रक्तदाबाचा जुना त्रास असेल तर डॉक्टरांचा दाखला आपण होऊन न्या आणि शिफूंना पहिल्याच दिवशी सांगा.

जागा किती? शाओलिनमध्ये म्हण आहे की मूठ चालवायला बैल बसेल एवढी जागा पुरे. वूबूछुआनला साधारण चार मीटर लांब आणि दोन मीटर रुंद पट्टा लागतो. चाळीची गॅलरी अरुंद पडते, गच्ची किंवा सोसायटीचं पार्किंग पुरतं. पावसाळ्यात गच्चीवर शेवाळ धरतं, तिथे लाथेचा सराव करूच नका. घरातल्या गुळगुळीत फरशीवर मोजे घालून तर अजिबात नको.

३. पाच पवित्रे, फॉर्मच्या आधी चार आठवडे

हे चार आठवडे गाळायचा मोह सगळ्यांना होतो. पण पवित्रा नुसता उभा धरता येत नसेल तर फॉर्ममध्ये तो एका क्षणात सापडणार कुठून? मापं आपल्याच पावलाने घ्यायची: टाचेला बोट लावत पावलं मोजा आणि खडूने खूण करा.

माबू, घोड्याचा पवित्रा. दोन पावलांत आपल्या तीन पावलांएवढं अंतर. दोन्ही पावलं समोर, मांड्या जमिनीला जवळजवळ समांतर, पाठ सरळ, गुडघे बोटांच्या पुढे नाहीत. बिघाड: गुडघे आत पडतात. नितंब आणि मांडीचा आतला भाग आखडलेला असतो म्हणून. गुडघे दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवता येतील तेवढंच खाली बसा. उंच पण बरोबर माबू हा खोल पण वाकड्या माबूपेक्षा केव्हाही चांगला.

गोंगबू, धनुष्याचा पवित्रा. पुढच्या-मागच्या पावलात चार ते साडेचार पावलं. पुढचा गुडघा वाकलेला आणि पुढच्या बोटांच्या वर, मागचा पाय ताठ, मागचं पाऊल तिरकं पुढे वळलेलं आणि टाच जमिनीवर. दोन्ही टाचा एकाच रेषेवर आणू नका, आडवं एक-दोन मुठींचं अंतर ठेवा, नाहीतर दोरीवर उभं राहिल्यासारखा तोल जातो. सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे मागची टाच उचलणं. ठोशाचा जोर त्याच टाचेतून यायचा असतो.

शियेबू, विसाव्याचा पवित्रा. पाय कात्रीसारखे, पूर्ण खाली बसलेलं. पुढचं पाऊल बाहेर वळून सपाट, मागची टाच उचललेली, बैठक मागच्या पोटरीवर. मागचा गुडघा पुढच्या पायाच्या बाहेर निघतो. नवशिके मांड्या सैल ठेवतात आणि डगमगतात. मांड्या एकमेकींवर घट्ट आवळल्या की स्थिर.

पूबू, जमिनीला टेकलेला पवित्रा. एका पायावर पूर्ण उकिडवं, दुसरा पाय बाजूला ताठ पसरलेला, दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकलेले. पसरलेल्या पावलाची बोटं आत वळलेली. उकिडवं बसायची सवय असलेल्यांना हा लवकर येतो. खुर्ची-कमोडवर वाढलेल्यांची टाच उचलते. त्यांनी दोन-तीन आठवडे टाचेखाली बोटभर जाडीची लाकडी पट्टी ठेवावी, मग ती पातळ करत जावी.

शूबू, रिकामा पवित्रा. सगळं वजन मागच्या वाकलेल्या पायावर, मागचं पाऊल ४५ अंश बाहेर. पुढच्या पायाची बोटं जमिनीला नुसती स्पर्श करतात. तपासणी सोपी: पुढचा पाय कोणत्याही क्षणी उचलून बघा. अंग जरासुद्धा पुढे झुकलं तर तो रिकामा नव्हता.

पहिल्या आठवड्यात प्रत्येक पवित्रा ३० सेकंद, दोन्ही बाजूंनी, तीन फेऱ्या. दर आठवड्याला १० सेकंद वाढवा. चौथ्या आठवड्यात प्रत्येकी एक मिनिट निघायला हवा. शियेबू आणि पूबू कमी वेळ धरले तरी चालतील, त्यात गुडघा पूर्ण मिटलेला असतो. मांडी थरथरली, जळजळली तर हरकत नाही. गुडघ्याच्या आत टोचलं तर लगेच उठा, त्या दिवशी तो पवित्रा बंद.

४. हाताचे तीन आकार

मूठ. चार बोटं घट्ट मिटलेली, अंगठा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या दुसऱ्या पेऱ्यावर आडवा. अंगठा मुठीच्या आत नको आणि वर उभाही नको. मनगट आणि मुठीची मागची बाजू एका सरळ रेषेत.

तळवा. चार बोटं जुळलेली, अंगठा आखडून आत.

आकडा. पाचही बोटांची टोकं एकत्र, मनगट खाली मुडपलेलं.

ठोसा कमरेपासून निघतो. तिथे मूठ उताणी असते, कोपर बरगडीला घासत पुढे जातं आणि मूठ शेवटच्या टप्प्यात पालथी होते. आधीच पालथी केली की कोपर बाहेर उडतं आणि ठोसा बाजूने फिरून येतो. दुसरा हात त्याच क्षणी कमरेला ओढला जातो. खांदे वर चढले की मान आखडते, श्वास अडकतो. माबूत उभे राहून रोज ५० ठोसे, सावकाश, प्रत्येक ठोशाबरोबर नाकाने श्वास सोडत. घाई नको.

५. फॉर्म, हालचालीगणिक

दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा, म्हणजे डावीकडे पूर्व येईल. खडूची रेष पूर्व-पश्चिम. सगळा फॉर्म याच रेषेवर चालतो, शाओलिनचे बहुतेक फॉर्म असेच एका ओळीत मागे-पुढे जातात. पाय जुळवलेले, दोन्ही मुठी कमरेला उताण्या, झटकन मान डावीकडे.

*पहिली: गोंगबू आणि ठोसा.* डावा पाय पूर्वेला टाका, अंग डावीकडे वळवा. डावा हात आडवा झाडत बाहेर नेऊन मूठ करून कमरेला ओढा आणि उजवा ठोसा पूर्वेला. क्रम महत्त्वाचा: पाऊल टेकतं, मागची टाच जमीन ढकलते, कंबर वळते, मूठ पोचते. हात आधी आणि पाय मागाहून आला की ठोशात नुसता दंड राहतो. डाव्या हाताचं झाडणं विसरू नका. समोरच्याचा हात तिथेच बाजूला होत असतो.

*दुसरी: लाथ आणि ठोसा.* वजन डाव्या पायावर, उजवा गुडघा आधी वर, मग पोटरी झटक्याने सरळ, पायाचं बोट ताणलेलं, उंची कमरेएवढी. त्याच क्षणी डावा ठोसा पूर्वेला, उजवी मूठ कमरेला. लाथ मारताना टेकलेला पाय ताठ करू नका आणि डोकं वर उचलू नका. भिंतीवर उंचीची खूण करून तपासा. डोकं खूण ओलांडत असेल तर तुम्ही लाथ मारण्याऐवजी उभे राहताय.

*तिसरी: माबू, वर अडवणी, बाजूला ठोसा.* दुखापत होते ती इथे, म्हणून नीट वाचा. लाथेचा उजवा पाय पूर्वेला खाली येतो आणि अंग डावीकडे ९० अंश वळून उत्तरेला होतं. उजवं पाऊल टेकतानाच बोटं आत, उत्तरेकडे वळलेली हवीत. पाऊल पूर्वेकडे टेकवून, त्यावर वजन टाकून मग वळलात तर पाऊल जागेवर आणि मांडी फिरते, मधला गुडघा पिळला जातो. आधी पाऊल वळतं, मग वजन येतं. डावी मूठ उघडून हात डोक्यावर वाकडा जातो, उजवा ठोसा उजवीकडे, म्हणजे पूर्वेला. नजर उजवीकडे. वरचा हात डोक्याच्या किंचित पुढे ठेवा, डोक्याला चिकटवू नका. नाहीतर अडवलेला फटका डोक्यावरच येईल.

*चौथी: शियेबू, दाबणं आणि ठोसा.* डावा पाय उजव्या पायाच्या मागून पलीकडे टाका, उजवी मूठ उघडून तळवा डावीकडे खाली दाबा, अंग डावीकडे वळून पश्चिमेला, डावी मूठ कमरेला. न थांबता खाली शियेबूत बसा आणि डावा ठोसा पश्चिमेला, उजवी मूठ कमरेला. डावा पाय पुरेसा पलीकडे गेला नाही तर खाली बसायला जागाच उरत नाही आणि माणूस मागे कोसळतो. पाय मोठा टाका आणि पावलाच्या पुढच्या गादीवरच तो टेकवा. उजवं पाऊल आपोआप बाहेर वळेल, वळू द्या.

*पाचवी: गुडघा वर, पूबू, तळवा जमिनीलगत.* उठा, अंग डावीकडे वळवून दक्षिणेला. डाव्या तळव्याच्या पाठीवरून उजवा तळवा उताणा वर-पश्चिमेला निघतो, डावा गुडघा वर येतो, डावा तळवा उजव्या काखेखाली. मग उजवा पाय वाकवत खाली जा आणि डावा पाय पूर्वेला पसरा. डावा तळवा डाव्या पायाच्या आतल्या बाजूने पावलापर्यंत सरकतो, नजर त्याच्याबरोबर. चूक: डावा पाय आधी धाडकन टाकून मग अंग खाली पाडणं. उजव्या पायाने खाली उतरायचं, डावा नुसता जमिनीवरून सरकत जातो. हात आणि अंग एकाच वेगाने गेले पाहिजेत. बऱ्याच जणांचा हात पावलाशी पोचतो तेव्हा बैठक अजून हवेत असते.

*सहावी: शूबू आणि वर उचललेला तळवा.* सगळ्यात अवघड वाट हीच. पूबूतून उठताना डाव्या पावलाची बोटं आधी पूर्वेला वळवा, डावा गुडघा वाकवा, वजन पुढे घ्या, मग उजवा पाय पुढे टाकून शूबू. डावा हात वर जाऊन मागे फिरतो आणि आकडा होतो, उजवा तळवा खालून उजव्या पायाच्या बाहेरून पुढे वर येतो, बोटं वर, उंची खांद्याएवढी. नजर पूर्वेला. नवशिके पूबूतून आधी सरळ उभे होतात आणि मग पाय टाकतात. त्याऐवजी समोर कमी उंचीचं दार आहे असं धरा. डोकं खाली ठेवून त्यातून पलीकडे निघायचं आहे.

पाय जुळवा, मुठी कमरेला. आता हाच फॉर्म उजव्या बाजूने: डाव्याचं उजवं, उजव्याचं डावं. उजवी बाजू अंगात बसायला जास्त वेळ लागतो, त्याची काळजी करू नका आणि ती गाळूही नका.

६. घोटायचं कसं

आठवड्याला दोन हालचाली, त्याहून जास्त नाही. म्हणजे डावी बाजू तीन आठवड्यांत, उजवी पुढच्या तीनांत. रोजचा तास साधारण असा वाटता येतो: १५ मिनिटं सांधे मोकळे करणं आणि सरळ पायाच्या लाथा, १५ मिनिटं पवित्रे आणि ठोसे, २५ मिनिटं फॉर्म, ५ मिनिटं ताण देऊन सैल होणं. तास नसेल तर २० मिनिटं करा, पण पवित्रे कापून नुसता फॉर्म करू नका. चिनी म्हण आहे: नुसते फॉर्म घोटले आणि अंग कमावलं नाही, तर म्हातारपणी हात रिकामे.

त्या २५ मिनिटांतली निम्मी वाटांना द्या. दुसऱ्या हालचालीतून तिसरी, परत दुसरी, परत तिसरी, असं २० वेळा. पाचवीतून सहावी २० वेळा. पूर्ण फॉर्म शेवटी, चार-पाच फेऱ्या. उलट करणारे खूप असतात: पूर्ण फॉर्म ३० वेळा, आणि दर वेळी त्याच जागी तीच चूक. ती चूक मग घोटून पक्की होते.

लय ठाय ठेवा. पहिला महिना प्रत्येक हालचालीला चार मोजत जा: एकला वजन सरकतं, दोनला पाऊल, तीनला कंबर, चारला हात पोचतो. हे चार वेगळे कळायला लागले की दोनवर आणा, मग एकावर. वेगात गेल्यावर चुका दिसत नाहीत, पण तिथेच असतात.

वहीत प्रत्येक हालचालीसाठी चार गोष्टी लिहा: तोंड कोणत्या दिशेला, वजन कोणत्या पायावर, नजर कुठे, शिफूंनी काय सुधारलं. त्यातली चौथी ओळ सगळ्यात मोलाची, आणि ती वर्गातून घरी जाईपर्यंत विसरली जाते. बाहेर पडताच लिहा.

आठवड्यातून एकदा समोरून आणि एकदा बाजूने व्हिडिओ घ्या. समोरून गुडघे आत पडतात का ते दिसतं, बाजूने डोक्याची उंची आणि पाठ. आरशाची सवय लावू नका, नजर आरशात अडकते आणि फॉर्ममध्ये नजरेलाही काम आहे.

व्हिडिओ बघून शिकण्याबद्दल एक सूचना. एकाच नावाच्या फॉर्मच्या अनेक आवृत्त्या असतात. शाओलिनचा शियाओ होंगछुआन हा फॉर्म शाओलिन मंदिराजवळच्या देंगफंग शहराच्या परिसरातच वेगवेगळ्या गुरुपरंपरांत वेगवेगळा शिकवतात. सगळ्या आपापल्या जागी बरोबर. तुमच्या शिफूंची आवृत्ती धरा. तीन व्हिडिओंतल्या तीन हालचाली जोडून केलेल्या फॉर्मला कोणाचाच आधार राहत नाही.

श्वास: ठोशाला सोडा, वर जाताना घ्या, रोखून धरू नका. सुरुवातीला एवढंच.

७. फॉर्म आला का, हे कसं ओळखायचं

- तोंड उत्तरेकडे करून सुरू करा. सवयीच्या खुणा, भिंत, झाड, गेल्यावर फॉर्म मोडतो का?
- कोणी 'चौथी' म्हटलं की थेट चौथीपासून सुरू करता येतं का?
- कोणत्याही क्षणी, दोन हालचालींच्या मध्येसुद्धा, 'थांब' म्हटल्यावर तोल न जाता थांबता येतं का? खरी परीक्षा हीच.
- दोन्ही बाजू केल्यावर, सुरू केलं तिथेच, रेषेवर, फॉर्म पुरा होतो का? दर फेरीत वेगळीकडे पोचत असाल तर पवित्र्यांची मापं बदलताहेत.
- शेजारच्याशी बोलत फॉर्म करता येतो का? येत असेल तर क्रम हातात बसला, आता लक्ष वाटांवर द्यायला मोकळं झालं.

चिनी शिक्षक खांदा-कंबर, कोपर-गुडघा, हात-पाऊल या तीन जोड्या जुळल्या का ते बघतात. व्हिडिओ थांबवून प्रत्येक ठोशाच्या शेवटी ही तपासणी करा. हात पोचला आणि पाऊल अजून सरकतंय, असं हमखास सापडेल.

८. जोडीदाराबरोबर

हे तिसऱ्या महिन्यापासून, शिफूंच्या नजरेखाली. जोडीदाराने सावकाश सरळ ठोसा द्यायचा. पहिल्या हालचालीत तुम्ही तो झाडून बाजूला करता आणि त्याच वळणात ठोसा देता. तिसरीत वरून येणारा फटका अडवत बाजूने आत शिरता. चौथीत त्याचा हात खाली दाबून, त्यावरूनच ठोसा. लगेच कळतं की हात थोडा खाली असला, कोपर थोडं बाहेर असलं तर काहीच अडत नाही. प्रत्येक हालचालीचे एकाहून अधिक उपयोग असतात. पहिल्या फेरीत शिफूंनी दाखवलेला एकच नीट करा. तिसरीतला बाजूचा ठोसा बरगड्यांवर लागतो, तेव्हा थांबवायचं अंतर आधी ठरवून घ्या.

९. यापुढे, आणि देंगफंगला जायचं असेल तर

दोन्ही बाजूंनी वूबूछुआन यायला चार ते सहा महिने लागतात. त्यानंतर शाओलिन परंपरेत लिआनहुआनछुआन किंवा शियाओ होंगछुआन घेतात. नवा फॉर्म सुरू झाला तरी रोज वूबूछुआनच्या दोन फेऱ्या ठेवा.

शाओलिन मंदिर हनान प्रांतात, देंगफंगजवळ सोंग पर्वताच्या कुशीत आहे. ते इ.स. ४९५ मध्ये बात्वो या भारतीय भिक्षूसाठी उभारलं गेलं. बोधिधर्माने तिथे कुंग फू सुरू केलं ही आपल्याकडची आवडती कथा, पण अभ्यासक तिला बऱ्याच नंतरची दंतकथा मानतात. तिथे शिकायला जाणाऱ्यांनी हे पक्कं करून घ्यावं:

- पत्रकावर मंदिराचं नाव असलं तरी देंगफंगमधल्या बहुतेक शाळा मंदिराबाहेरच्या, खासगी आहेत. तुमचा करार कोणाशी आहे ते लेखी घ्या.
- परदेशी विद्यार्थी घेण्याची परवानगी शाळेकडे आहे का आणि व्हिसासाठी प्रवेशपत्र देतील का, हे पैसे भरण्याआधी विचारा. १८० दिवसांपर्यंतच्या शिक्षणाला एक्स-२ आणि त्याहून जास्त मुदतीला एक्स-१ व्हिसा असतो. एक्स-१ साठी प्रवेशपत्राबरोबर शाळेने मिळवून दिलेला जेडब्ल्यू नावाचा व्हिसा-अर्जाचा कागदही लागतो.
- पासपोर्ट, प्रवेशपत्र, फोटो, वैद्यकीय दाखला, विमा यांच्या दोन-दोन प्रती. नियम बदलत असतात, अर्जाच्या आधी दूतावासाचं संकेतस्थळ पाहा.
- शिक्षक इंग्रजी बोलतील असं धरू नका. पवित्र्यांची नावं, एक ते दहा आकडे, डावं, उजवं, हळू, पुन्हा, आणि 'गुडघा दुखतोय' हे चिनीत पाठ करून जा.
- जवळचं मोठं विमानतळ चंगचौ. तिथून देंगफंगपर्यंत रस्त्याने जावं लागतं.
- हिवाळ्यात तिथे पाणी गोठतं आणि सराव उघड्यावर असतो. कोकणातून किंवा मुंबईतून जाणाऱ्यांनी पहिली खेप वसंतात किंवा शरदात आखावी.

तिथे पोचल्यावर पहिला आठवडा बहुधा माबू आणि सरळ लाथांवरच जाईल, तुम्ही घरून कितीही फॉर्म शिकून गेला असलात तरी. वही बरोबर न्या आणि पहिल्याच दिवशी नवी पानं काढा. तुमच्या पवित्र्यांची मापं तिथे बदलतील.